साहेब त्या दिवशी होता कुठे?

मागच्या सेमिस्टरला माझ्या सेमिनारचा विषय होता, चिपवरचे सूक्ष्म स्पेक्ट्रोमीटर. पहिली स्लाईड भारी पाहिजे म्हणून मी विजयदुर्गाचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, की १८ ऑगस्ट १८६८ रोजी सर नॉर्मन लॉकियर यांनी या किल्ल्यावरून सूर्यग्रहण पाहताना हेलियमचा शोध लावला. ही गोष्ट मला दुसरबीडला आमच्या आबांनी सांगितलेली. मी तेव्हा चौथीत होते, सुट्टीत गावी आलेले. कॉन्व्हेंटच्या पुस्तकात नसलेल्या बऱ्याच गोष्टी मला आबांकडूनच कळल्या, आणि त्यातली ही सगळ्यात आवडती. सूर्यावरचं एक मूलद्रव्य माणसाला पहिल्यांदा दिसलं, ते आपल्या महाराष्ट्रातल्या किल्ल्यावरून! अजून काय पाहिजे?

सरांनी पुढची स्लाईड येऊच दिली नाही. लॉकियर त्या दिवशी नक्की कुठे होता, एवढंच त्यांनी विचारलं. मी विजयदुर्ग म्हणाले. ते हसले आणि लायब्ररीत जाऊन बघून ये म्हणाले. मी गेले. दोन दिवसांत कळलं की साहेब त्या दिवशी विजयदुर्गावर नव्हताच. तो इंग्लंडमध्ये होता आणि ते ग्रहण त्याने पाहिलंसुद्धा नव्हतं!

पहिल्यांदा राग आला, मग वाईट वाटलं. पण शोधता शोधता जो माणूस सापडला तो आबांच्या गोष्टीतल्या साहेबापेक्षा कितीतरी जास्त इंटरेस्टिंग निघाला. म्हणून हा लेख.

जोसेफ नॉर्मन लॉकियर यांचा जन्म १७ मे १८३६ रोजी इंग्लंडमधल्या रग्बी या गावी झाला. वडील वैद्यकी करायचे आणि त्यांना विज्ञानाची आवड होती. आईवडील दोघंही लवकर गेले. शिक्षण साध्या खासगी शाळांत झालं, नंतर फ्रेंच वगैरे भाषा शिकायला ते स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये राहिले. युनिव्हर्सिटीची पायरी ते चढलेच नाहीत. वयाच्या एकविसाव्या वर्षी, १८५७ मध्ये, त्यांना लंडनच्या युद्ध खात्यात कारकुनाची नोकरी लागली. म्हणजे आपण थर्ड इयरला असतो साधारण त्या वयात हा माणूस फायली चाळत होता. पुढे लष्कराचे नियम नीट जुळवून छापण्याचं काम त्यांच्याकडे आलं. १८५८ मध्ये विनिफ्रेड जेम्स यांच्याशी लग्न झालं. विनिफ्रेडना फ्रेंच उत्तम यायचं, आणि खगोलशास्त्रावरच्या फ्रेंच पुस्तकाचा त्यांनी केलेला इंग्रजी अनुवाद लॉकियर यांनी संपादित केला.

लॉकियर विम्बल्डनला राहायला गेले आणि तिथे आकाशदर्शनाचं वेड लागलं. त्यांनी सव्वासहा इंच व्यासाची दुर्बीण घेतली. दिवसा ऑफिस, रात्री दुर्बीण. १८६२ मध्ये मंगळ जवळ आला असताना त्यांनी काढलेल्या चित्रांची चांगली दखल घेतली गेली. पण खरा खेळ पुढे होता.

इथे थोडी थिअरी सांगावी लागेल. पांढरा प्रकाश लोलकातून गेला की सात रंग पसरतात, हे आपण आठवीत शिकतो. सूर्याच्या रंगपट्टीत बारीक काळ्या रेषा असतात हे फ्राउनहोफर या जर्मन कारागिराने १८१४ च्या सुमारास नीट मांडलं. त्या रेषांचा अर्थ किर्शहॉफ आणि बन्सेन यांनी १८५९-६० मध्ये लावला. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात, जसे माणसाच्या बोटांचे ठसे. म्हणजे सूर्यावर न जाता सूर्यात काय आहे ते कळू शकतं. लॉकियर यांनी हे वाचलं आणि १८६६ मध्ये आपल्या दुर्बिणीला स्पेक्ट्रोस्कोप जोडला. आधी त्यांनी सूर्यावरचे डाग तपासले.

त्या काळी खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेला लाल ज्वाळा दिसायच्या. त्या सूर्याच्या की चंद्राच्या, असाही वाद होऊन गेला होता. ग्रहण सुटलं की त्या उजेडात हरवून जायच्या. ग्रहणाशिवाय त्या बघता येतील का? लॉकियर यांचं डोकं इथे एखाद्या इंजिनिअरसारखं चाललं. ज्वाळा जर तापलेल्या वायूच्या असतील, तर त्यांचा सगळा प्रकाश मोजक्या दोन-चार रेषांतच असणार. आजूबाजूच्या आकाशाचा झगमगाट मात्र सगळ्या रंगांचा असतो. एकामागे एक लोलक लावून प्रकाश खूप पसरवला, तर झगमगाट पातळ होत जाईल, पण रेषा तेवढ्याच ठळक राहतील. आपल्या भाषेत सांगायचं तर सिग्नल तसाच ठेवून नॉइज खाली आणायचा. एका ओळीची आयडिया!

आयडिया होती, उपकरण नव्हतं. रॉयल सोसायटीने अनुदान मंजूर केलं, ऑर्डर दिली गेली, आणि मग... वाट पाहणं. प्रोजेक्टचे पार्ट्स वेळेवर न येणं ही आपलीच पिढीजात तक्रार नाही बरं का! उपकरण हातात यायला १८६८ चा ऑक्टोबर उजाडला.

मधल्या काळात १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण होऊन गेलं. त्याचा पट्टा भारतावरून जात होता आणि खूप मंडळी इकडे आली होती. फ्रान्सचे जान्सेन गुंटूरला होते. जॉन हर्शेल पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात तळ देऊन बसले होते. त्या दिवशी अनेकांना कळलं की ज्वाळांचा वर्णपट चमकत्या रेषांचा आहे, म्हणजे त्या वायूच्याच आहेत. जान्सेन यांना रेषा इतक्या ठळक दिसल्या की ग्रहणाशिवायही त्या दिसतील याची त्यांना खात्री पटली, आणि दुसऱ्या दिवशी भर उन्हात त्यांनी त्या पाहूनही दाखवल्या.

लॉकियर यांना यातलं काही माहीत नव्हतं. २० ऑक्टोबर १८६८ रोजी, ग्रहण वगैरे काही नसताना, त्यांनी इंग्लंडमधून नव्या उपकरणाने सूर्याची कडा पाहिली आणि त्या रेषा त्यांना दिसल्या. त्यांचं पत्र आणि जान्सेन यांचं भारतातून आलेलं पत्र पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी पोहोचलं. आता कुणाचा शोध? भांडण होऊ शकलं असतं. पण दोघांनाही श्रेय मिळालं, आणि १८७२ मध्ये फ्रेंच सरकारने दोघांचेही चेहरे असलेलं पदक काढलं. पुढे दोघं चांगले मित्र राहिले.

त्या रेषांमध्ये एक पिवळी होती. ग्रहणातही ती दिसली होती, पण बहुतेकांनी ती सोडियमची धरली. सोडियमच्या दोन रेषा ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरवर असतात. ही होती ५८७.६ वर. फरक जेमतेम दीड नॅनोमीटर! लॉकियर यांनी तो फरक सोडला नाही. रसायनशास्त्रज्ञ फ्रँकलंड यांच्यासोबत त्यांनी प्रयोगशाळेत वेगवेगळे वायू तापवून पाहिले, हायड्रोजनचा दाब कमीजास्त केला. ती रेषा काही मिळेना. शेवटी लॉकियर यांनी ठरवलं की हे पृथ्वीवर न सापडलेलं मूलद्रव्य असणार. सूर्याला ग्रीक भाषेत हेलिओस म्हणतात, म्हणून हेलियम. खुद्द फ्रँकलंड यांनाही ते पटलं नव्हतं. युनिव्हर्सिटीत न गेलेला एक सरकारी कारकून, आणि त्याने एका रेषेवरून मूलद्रव्य जाहीर करायचं? कित्येक रसायनशास्त्रज्ञांना ते अतिच वाटलं.

ही शंका थोडीथोडकी नाही, सत्तावीस वर्षं टिकली. मार्च १८९५ मध्ये विल्यम रॅमसे यांनी क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमच्या खनिजातून वायू काढला. त्यांना अरगॉन हवा होता. वर्णपटात पिवळी रेषा दिसली आणि ती सोडियमच्या जागेवर बसेना. त्यांनी नमुना क्रुक्स यांना आणि लॉकियर यांना पाठवला. अठ्ठावन्न वर्षांच्या लॉकियर यांनी आपल्याच नळीत ती रेषा पाहिली तेव्हा त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार करून माझ्या अंगावर अजून काटा येतो.

दरम्यान त्यांनी बाकी कामंही कमी केली नव्हती. सूर्याच्या कडेच्या थराला क्रोमोस्फिअर हे नाव त्यांनीच दिलं. ४ नोव्हेंबर १८६९ रोजी त्यांनी नेचर हे साप्ताहिक सुरू केलं. ते अनेक वर्षं तोट्यात चाललं, तरी प्रकाशक मॅकमिलन यांनी ते बंद केलं नाही आणि लॉकियर यांनी संपादकाची खुर्ची पन्नास वर्षं सोडली नाही. आज ज्या नेचरमध्ये पेपर यावा म्हणून शास्त्रज्ञ देव पाण्यात घालून बसतात, ते एका कारकुनाने काढलं होतं! पुढे ते साउथ केन्सिंग्टनला प्राध्यापक झाले, सौर भौतिकी वेधशाळेचे संचालक झाले, १८९७ मध्ये सर झाले. गोल्फच्या नियमांवरही त्यांनी पुस्तक लिहिलं. लष्कराचे नियम लिहिणारा माणूस दुसरं काय करणार?

पण लेख लिहायचा म्हणून नुसती आरती ओवाळायची नाही. लॉकियर चुकलेही, आणि मोठं चुकले. तारे, तेजोमेघ हे सगळं उल्कांच्या थव्यांतून बनलं असा त्यांचा सिद्धांत होता. १८९० मध्ये त्यावर त्यांनी जाडजूड ग्रंथ काढला. पुरावा म्हणून ते तेजोमेघांतली एक हिरवी रेषा दाखवायचे. ती उल्कांतल्या मॅग्नेशियमची, आणि म्हणून एका बाजूला पुसट होत जाणारी, असं त्यांचं म्हणणं.

हे तपासणाऱ्यांत एक माणूस आपल्या पुण्यात होता. पुण्याचं कॉलेज ऑफ सायन्स, म्हणजे आपण ज्याला सीओईपी म्हणतो ते, तिथे कावसजी दादाभाई नायगमवाला हे पारशी प्राध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या मदतीतून तिथे १८८८ मध्ये वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कंपनीची वीस इंची दुर्बीण तिथे होती, तेव्हाची भारतातली सर्वांत मोठी. १८९१ मध्ये नायगमवालांनी मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाची ती रेषा पाहिली. ती पुसट होत नव्हती, दोन्ही कडांना बारीक आणि रेखीव होती. अमेरिकेत कीलर यांनीही तिची जागा मोजून ती मॅग्नेशियमची नाही हे दाखवलं. लॉकियर यांचा मुद्दा गेला. (ती रेषा ऑक्सिजनची, हे बोवेन यांनी १९२७ मध्ये सांगितलं.) इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एका सरांनी नेचरच्या संपादकाला चूक ठरवलं, हे आपल्याला कुणी का शिकवत नाही?

आणि आता विजयदुर्ग. साहेब तिथे आला, हे खरंच आहे! फक्त तीस वर्षांनी. २२ जानेवारी १८९८ चं खग्रास ग्रहण पाहायला लॉकियर यांची तुकडी विजयदुर्गाला उतरली. त्याआधी १८७१ मध्ये ते ग्रहणासाठीच केरळातल्या बेकल किल्ल्यावर आले होते, त्यामुळे समुद्रातले किल्ले त्यांना नवीन नव्हते. १८९६ मध्ये नॉर्वेला मात्र ढगांनी दगा दिला होता. नायगमवालाही तेव्हा पुण्याहून नॉर्वेपर्यंत गेले होते आणि तेही तसेच परतले होते. यावेळी विजयदुर्गावर आरमाराच्या मेल्पोमिनी जहाजावरचे अधिकारी आणि खलाशी मदतीला होते. कोणी घड्याळ बघायचं, कोणी प्लेट बदलायची, याच्या तालमी झाल्या, कारण खग्रास स्थिती फक्त दोन मिनिटांच्या आसपास. उपकरणांसाठी उभारलेल्या चौथऱ्यांची आठवण तिथे अजून साहेबाचे कट्टे या नावाने सांगतात. भर दुपारी अंधार झाला, आकाश स्वच्छ राहिलं आणि वर्णपटाचे फोटो मिळाले.

ग्रहणाचा पट्टा तिथून ईशान्येला सरकला. वाटेत सोलापूरकडच्या जेऊरला नायगमवाला पुण्याची उपकरणं घेऊन उभे होते. त्यांनीही फोटो घेतले. पुढे वर्ध्याजवळच्या पुलगावलाही इंग्रज मंडळी होती. आमचं दुसरबीड पट्ट्याच्या थोडं उत्तरेला पडतं, म्हणजे इथे सूर्याची कोर तेवढी उरली असणार. आणि ओरायन हे पुस्तक १८९३ मध्ये लिहून ताऱ्यांवरून वेदांचा काळ काढणारे लोकमान्य टिळक त्या दिवशी राजद्रोहाच्या शिक्षेखाली तुरुंगात होते. त्यांच्यासारखाच नाद लॉकियर यांनाही होता. १८९४ च्या पुस्तकात त्यांनी इजिप्तच्या देवळांची दिशा ताऱ्यांशी जुळवून त्यांचं वय काढायचा प्रयत्न केला होता.

लॉकियर १९०१ मध्ये प्राध्यापकीतून निवृत्त झाले. वेधशाळा केंब्रिजला हलवायचं ठरलं ते त्यांना आवडलं नाही. मग सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी सिडमथला टेकडीवर नवी वेधशाळा उभारली. तिथेच १६ ऑगस्ट १९२० रोजी ते वारले. नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर पुण्याची वेधशाळाही बंद झाली. वीस इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. ते १९३८ मध्ये गेले.

आता माझ्या सेमिनारकडे. लॉकियर यांना जे करायला लोलकांची रांग लागली, ते आज एका पिक्सेलएवढ्या डिटेक्टरवर करायचे प्रयत्न चालू आहेत. यात लोलक नसतोच. डिटेक्टरला दिलेलं व्होल्टेज बदललं की तो कुठल्या रंगाला किती प्रतिसाद देतो तेही बदलतं. मग एकेका व्होल्टेजला करंट मोजायचा, आणि त्या आकड्यांवरून मूळ वर्णपट गणिताने काढायचा. म्हणजे एम-वन मधलं मॅट्रिक्स! एक व्होल्टही न लागता, मिलिसेकंदाच्या आत मोजमाप करणारे नमुने प्रयोगशाळेत झाले आहेत. अडचणही आहे. अज्ञात जास्त आणि समीकरणं कमी असतात, मोजमापात थोडा नॉइज आला तरी उत्तर भरकटतं. दीड नॅनोमीटरवरच्या दोन पिवळ्या रेषा वेगळ्या दाखवणं अशा एकाच पिक्सेलला आजही सोपं नाही. आणि गंमत बघा, चिप बनवण्याच्या कारखान्यात वेफर थंड ठेवायला हेलियम वायूच लागतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. आबांना सांगू की नको, असं झालं होतं. चौथीपासून जी गोष्ट मला दिली ती मीच मोडायची? शेवटी ओसरीवर बसून सगळं सांगितलं. आबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी नायगमवालांचं नाव दोनदा विचारून घेतलं आणि जुन्या डायरीत लिहिलं. आपल्या जवळच्या लोणारचं काय, हेही त्यांनीच काढलं. लॉकियर सगळं विश्व उल्कांचं म्हणायचे तेव्हा लोणारचं विवर बहुतेक लोक ज्वालामुखीचं समजत. ते उल्केच्या आघातानेच झालं हे १९७३ मध्ये पक्कं झालं. म्हणजे साहेबाची उल्का आकाशात चुकली, पण आमच्या तालुक्याशेजारी बरोबर निघाली असती!

शेवटी आबांनी विचारलं, की ती तुझी चिप सोयाबीनमधला ओलावा सांगेल का. बाजारात ओलाव्याच्या एका आकड्यावर भाव पडतो, आणि तो आकडा शेतकऱ्याला स्वतःला आधी तपासता येत नाही. मी सांगितलं, की पाणी डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश ठरावीक जागी शोषतं, त्यामुळे तत्त्व म्हणून जमेल, पण स्वस्तात आणि खात्रीने जमायला अजून काम आहे. आबा म्हणाले मग कर ना काम.

पहिली स्लाईड मी बदलली आहे. फोटो विजयदुर्गाचाच ठेवला, खाली साल १८९८ घातलं, आणि शेजारी जेऊरचं नाव जोडलं. फायनल इयरच्या प्रोजेक्टचा विषय काय असणार, ते आता सांगायला नकोच!

— तृतीय वर्ष, अणुविद्युत व दूरसंचार